बाल्कनीपर्यंत

सासऱ्यांच्या पोटाची तक्रार सूनबाईने "वयाचं आहे बाबा, होतं असं" म्हणत कितीतरी दिवस उडवून लावली होती. दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र तिने ते फार मनाला लावून घेतलं आणि त्यांच्या उशाशी ठाण मांडलं.

दुसऱ्याच दिवशी नर्सने बाबांना चालायला लावलं आणि त्यांना जणू त्याचा नादच लागला. जरा वेळ गेला की पोटावर हात धरून उठायचे आणि थेट व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या बाल्कनीपर्यंत जाऊन यायचे. ती सोबत निघाली की "तू बस गं" म्हणून थोपवायचे. अख्खा वॉर्ड त्यांचं कौतुक करत होता.

डॉक्टरांचं घोडं मात्र एकाच प्रश्नावर अडलेलं, "गॅस पास झाला का?"

"नाही हो, मी इथून हललेच नाहीये," ती रडवेली होऊन सांगायची. बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "पोट फुगल्यासारखं वाटतंय. आतडी कामाला लागलेली दिसत नाहीत, नाकातून नळी घालू."

नळी बघितल्यावर बाबांचा धीर सुटला. त्यांनी खुणेनेच सुनेला जवळ बोलावलं आणि खालमानेने पुटपुटले,



"गॅस कालपासूनच सुटतोय गं. पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर झालं, तेव्हा तूच बजावलं होतंस ना, असलं सगळं बाल्कनीत जाऊन करत जा म्हणून..."