बारवेवरचा फलक

मोतीरामने चष्मा नाकावर नीट बसवला आणि फलकाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. पडदा नुकताच बाजूला झाला होता, टाळ्या अजून चालू होत्या. जुनी चौथी शिकलेला माणूस, वाचायला वेळ लागायचाच. पण या फलकासाठी तो दोन महिने डोळे लावून बसला होता. लिहिणारा त्याचाच लेक होता, जीवन, गावातल्या शाळेत मास्तर.

आणि सांगणारा होता मोतीराम. सलग आठ दिवस मोबाइल पुढ्यात ठेवून जीवनने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. पायऱ्या किती, कोनाडे किती, कुठल्या कोनाड्यात गणपती. मोतीरामला बारवेचा दगडन्‌दगड पाठ, कारण बहात्तरच्या दुष्काळात ती आटली तेव्हा तळातला गाळ त्याने आणि त्याच्या बापाने उपसला होता. गाळ काढायला गावाला त्यांच्याच वस्तीतली माणसं लागत. पाझर फुटला, पाणी घोट्याला लागलं, तशी वरून हाक आली, "चला, निघा आता!" बापलेक वर आले आणि त्यांच्या मागे पायऱ्यांवर गोमूत्र शिंपडलं गेलं. त्या दिवशीही त्याच्या आईने पाणी आणलं ते नदीतल्या झिऱ्यावरून. हे सांगून झालं, तेव्हा जीवनने म्हाताऱ्याचा हात धरला होता. "अण्णा, हे फलकावर येणार म्हणजे येणार."

बोट पुढे सरकत होतं. पायऱ्या बेचाळीस, बरोबर. कोनाडे सहा, बरोबर. 'दुष्काळात ग्रामस्थांनी श्रमदानातून गाळ काढला.' इथे बोट अडखळलं. पुढची ओळ शेवटची होती. 'ही बारव पूर्वापार गावातील सर्व समाजांसाठी खुली होती.' त्याखाली बारीक अक्षरांत, लेखन : जीवन मोतीराम पगारे.

मोतीरामने चष्मा काढून पुसला, ओळ पुन्हा वाचली. तीच होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा नवाकोरा सदरा घालून शेजारी उभा. परक्याने लिहिलं असतं तर मोतीराम तिथल्या तिथे भांडला असता. पोटच्या पोराशी चारचौघांत कसं भांडायचं, हे त्याला कळेना.

"गावच्या कमिटीनं ती ओळ घालायला लावली, अण्णा," जीवन हळू आवाजात म्हणाला. "उद्या पर्यटक येतील, गावाचं नाव होईल. कशाला उकरून काढायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ कुणाची रं?"

जीवनने सदऱ्याची बाही सारखी केली.

"आन् माझं नाव कशाला घातलं त्यात?"

"माझं नाव आहे ते, अण्णा."

"मधलं माझं हाय."

तेवढ्यात सरपंच मंजुषाताई माईक घेऊन आल्या. "अण्णा, गावातले सगळ्यांत जाणते तुम्ही. बारवेबद्दल दोन शब्द बोला." मागून कोणीतरी मोतीरामच्या खांद्यावर शाल टाकली. जीवनने बापाकडे पाहिलं आणि कोणाला दिसणार नाही अशा बेताने हात जोडले.

मोतीरामला ते जोडलेले हात दिसले. त्याला लेकाची कीव आली, आणि रागही आला. त्याने माईक घेतला.

"पायऱ्या बेचाळीस हायेत," तो म्हणाला. "एकूणएक मी हातानं घासल्यात." टाळ्या पडल्या. "पाणी लय गोड हाय म्हणत्यात."

मंजुषाताई हसल्या. "म्हणतात काय, अण्णा? तुम्ही लहानपणापासून प्यायला असाल की!"

लोकही हसले. मोतीराम हसला नाही. त्याने माईक लेकाच्या तोंडापुढे धरला.

"ते मास्तरला इचारा, ताई. लिवणारा त्यो हाय."