बोलोन्यात पाऊण तास

बाबा रेल्वेत गार्ड होते. नाताळात त्यांना कधी सुट्टीच मिळाली नाही आणि आईला डोंगरातला बर्फ दाखवायचं राहून गेलं. गेल्या वर्षी ते अचानक गेले. परवा कपाटात त्यांच्या हातची वही सापडली. इटलीच्या दक्षिणेतल्या आमच्या फोज्जापासून पार उत्तरेच्या बोल्झानोपर्यंत रेल्वेनं, पुढे डोंगरात बसनं. गाड्यांच्या वेळा, फलाट, सगळं लिहिलेलं. आई म्हणाली, "या हिवाळ्यात मी एकटी जाते, लुचिल्ला. त्यानं लिहिलंय तशीच तिकिटं काढ."

फोनवरच्या गाड्या वहीशी ताडून बघताना मी अडखळले. "आई, बोलोन्यात गाडी बदलायला पाऊण तास? बाबा तर म्हणायचे, सहा मिनिटं पुष्कळ झाली, जास्त लागतात ती फक्त बैलांना!"

"मलाच म्हणायचा तो बैल," आई हसली. "खाली काय खरडलंय बघ."

मी वाचलं. "'तीन नंबरच्या फलाटाशी लिफ्ट आहे. हिला काठी टेकत जिना चढवत नाही.'"

आईचं हसू मावळलं. काठी तिच्या हातात आली ती बाबांना माती दिली त्या दिवशी, दफनभूमीच्या पायरीवरून पाय घसरल्यानंतर.

मी घाईघाईनं पान उलटलं. पुढचं कोरंच होतं. "परतीचं काहीच लिहिलं नाही गं त्यांनी. थांब, ते मी बघते."

आईनं माझ्या हातातली वही घेतली आणि शांतपणे मिटली.


"नको. त्यानं लिहिलंय तेवढंच काढ."