लाल गाव

"टाक एकशेवीस-ऐंशी आणि जा पुढे," ठमके सिस्टर म्हणाल्या. "बीपीचा रकाना रिकामा ठेवलास तर अ‍ॅप हलतच नाही. आम्ही सगळ्या असंच शिकलो." नव्या नर्सला, कुंदाला, टॅब शिकवायला त्या शेजारच्या गावाहून मुद्दाम आल्या होत्या.

उपकेंद्राला टॅब नवाकोरा मिळाला होता. बीपी मोजायचं मशीन मात्र कधीचं बंद पडलेलं. समोर आठवा महिना लागलेली पार्बता बसली होती. पाय इतके सुजलेले, की चपला हातात धरून आली होती.

कुंदाने आकडा टाकला. पार्बताच्या नावापुढे हिरवी खूण उमटली.

"बरं आहे ना बाई माझं?" पार्बताने हसून विचारलं.

कुंदाने तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. तिने आकडा पुसला, गाडी बोलावून पार्बताला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि त्यानंतर न मोजलेला एकही आकडा भरला नाही.

महिनाअखेरच्या बैठकीत भिंतीवरच्या पडद्यावर, अ‍ॅपच्या नकाशात, सगळा तालुका हिरवागार होता, आणि नोंदी अपुऱ्या म्हणून कुंदाचं एकटं गाव लाल. तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब सगळ्यांदेखत कडाडले, "एवढं साधं अ‍ॅप जमत नाही?"

"जमतं की. ज्या बाईला मी हिरवी खूण दिली, तिचं बीपी दवाखान्यात एकशेऐंशी निघालं, साहेब," कुंदा उभी राहून म्हणाली. "आधी मशीन पाठवा. तोवर माझं गाव लालच राहणार."

मागच्या खुर्चीत ठमके सिस्टरांनी टॅब उघडला आणि आपले आकडे पुसायला घेतले. भिंतीवर दुसरं गाव लाल झालं.