पांढरी पाटी

"पाटी पांढरी होती," कारकून तिसऱ्यांदा म्हणाला. "पांढरी होती म्हणून मी कुलूप लावून घरी गेलो."

बंदराच्या ऑफिसात सकाळपासून माणसं जमली होती. आठ वाजता होडी सापडली, उलटी झालेली. साडेनऊला मिस्त्रीची बायको सापडली. तळ्याच्या मधोमध एक लोखंडी पिंप तरंगतं. त्याच्या साखळीला तिने गळ्यातल्या रुमालाने स्वतःचा हात बांधून घेतला होता. ती बुडाली नव्हती, गारठून गेली होती. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीपर्यंत तरी जीव असावा.

मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. तो होड्या दुरुस्त करायचा. हातात अजून कानस होती. खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

ऑफिसच्या वरच्या व्हरांड्यात एक फळा आहे. प्रत्येक होडीची त्यावर एक लाकडी पाटी, एक बाजू लाल, एक पांढरी. होडी नेताना लाल करायची, परत आणली की पांढरी. ज्याची होडी त्यानेच फिरवायची, दुसऱ्याने हात लावला तर होडीचा परवाना जातो. सहाला कारकून फळा बघतो. लाल दिसली की आधी पलीकडच्या काठाला फोन, मग लाँच पाण्यात. तीस वर्षांत लाँच कधी उशिरा गेली नव्हती.

"मला वाटलं, ताई घरी पोचली," मिस्त्रीची मेहुणी म्हणाली. पलीकडच्या काठावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. बहीण रोज होडीने तिथे कामाला जायची.

"वारा होता," मिस्त्री म्हणाला. "वारा असला की ती तुझ्याकडेच राहते. मला वाटलं, राहिली."

मग सगळ्यांनी कारकुनाकडे पाहिलं.

आदल्या दिवशी कारकुनाच्या नातीचा वाढदिवस होता. तो केकचं खोकं घेऊन लगबगीने जिना उतरताना चार जणांनी पाहिला होता. एवढं पुरलं.

"त्याचा हात घड्याळाच्या पुढे चालतो," चहाच्या टपरीवर लाँचवाला म्हणाला. "सहाच्या आत सगळं पांढरं करायचं, की साहेब मोकळे."

"केक वितळत होता ना," दुसरा म्हणाला. कोणी हसलं नाही.

कारकुनाची बायको भाजी घ्यायला गेली तर बाया बाजूला सरकायच्या. शाळेत नातीला कोणी काहीतरी म्हणालं. ती घरी येऊन जेवली नाही.

मिस्त्रीला घरात बसवेना. कामावर जाऊन रंधा मारलेल्या फळीवरच तो पुन्हा रंधा मारायचा. मालक म्हणाला, "मिस्त्री, फळीचा कागद होईल आता. घरी जा." तो घरी न जाता धक्क्यावर फिरायचा. पाचव्या दिवशी तो कारकुनाच्या दारात उभा राहिला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आता हाणामारी होणार, असं सगळ्यांना वाटलं.

"या," कारकून म्हणाला. त्याने खुर्ची पुसली. दोघे बसले.

"दाढी नाही केलीत," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे केलीय?"

आतून पाणी आलं. ते तसंच राहिलं.

"उद्या अकराला चौकशी आहे," कारकून म्हणाला. "मी कबूल करणार. चूक माझी म्हणून सही करून टाकतो."

"तुम्ही फिरवलीत पाटी?"

"फिरवल्याचं आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे केलं नाही असं थोडंच आहे? आत खोकं बांधत होतो, लक्ष घरी. जाता जाता हात गेला असेल." त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "दुसरं कोण फिरवणार? वहिनींचे गुडघे दुखायचे, तरी त्यांची पाटी एक दिवस चुकली नाही. रोज साडेपाचच्या सुमाराला पांढरी. आणि नेमकं त्यांच्याच बाबतीत माझ्या हातून..."

मिस्त्री उठला.

"मिस्त्री, एकदाच म्हणा, माफ केलं. लोकांचं जाऊ दे. तुम्ही म्हणालात तर मला झोप लागेल."

"मी कोण माफ करणारा?" मिस्त्री म्हणाला आणि चप्पल घालायला वाकला. पट्टा त्याला लवकर सापडेना.

दाराबाहेर मेहुणी वाट बघत होती. "भाऊजी, विरघळू नका. त्याला सोडायचं नाही. ताई सहा तास पिंपाला धरून होती."

"ठाऊक आहे."

"एक फोन केला असता त्याने."

"ठाऊक आहे म्हटलं ना!" तो एवढ्या जोरात ओरडला की समोरची खिडकी बंद झाली. मेहुणीने त्याचा दंड धरला. त्याचं दुःख तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला ऑफिसात बसायला जागा नव्हती. बंदराच्या साहेबांनी कबुली वाचून दाखवली. कारकुनाने चष्मा लावला, सही केली आणि कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

सगळे थांबले.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

लोकांना ते फार मोठ्या मनाचं वाटलं. उतरताना लाँचवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कारकून मात्र वरच रिकाम्या टेबलाशी बसून होता.

सकाळी पाटी लाल करायला बायको कशीबशी वर जायची, पण संध्याकाळी दमून आल्यावर तिला जिना चढवत नसे, म्हणून गेली चार वर्षं कामावरून सुटल्यावर मिस्त्रीच गुपचूप वर जाऊन तिची पाटी पांढरी करून यायचा. त्या दिवशीही साडेपाचला त्याने ती केली, धक्क्याकडे न बघता. हे त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही.