मानेखालचा माणूस

"मावशी, खाली उतरा! नाहीतर पुतळ्यासकट उचलीन, सांगून ठेवतो!"

क्रेनवाला ओरडून लालबुंद झाला होता. दहाच्या आत पुतळा वितळवायच्या भट्टीवर पोचवायचा होता, आणि ही झाडूवाली म्हातारी चौथऱ्यावर त्याचा पाय कवटाळून बसलेली. राजधानीचा अख्खा चौक तमाशा बघत होता.

"परवा लोकांनी अध्यक्षाला पळवून लावलं, आणि तुम्हाला त्याचा एवढा पुळका?"

"अध्यक्ष गेला चुलीत," म्हातारी म्हणाली. "डोळे आहेत ना तुला? डावा हात बघ त्याचा."

त्याने बघितलं. तापट होता, आंधळा नव्हता. पुतळ्याची करंगळी अर्धीच होती.

"आयला! अध्यक्षाला तर दहाच्या दहा होती. टीव्हीवर बोटं मोजून आश्वासनं द्यायचा."

"ती करंगळी माझ्या बाबांची. स्टेशनात हमाल होते. पेटीखाली चेंगरली." म्हातारी ओल्या फडक्याने पुतळ्याचा बूट पुसू लागली. "आधी इथे राजा होता. राजाला उभं राहायला कुठला वेळ! मूर्तिकाराने अंगासाठी बाबांना महिनाभर उभं केलं. मी डबा न्यायचे. दिसलं तसं ओतलं त्याने, बोटासकट. राजाने येऊन फक्त स्वतःचं नाक तपासलं. पुढे राजा गेला, सेनापती आला. सेनापती गेला, हा आला. धातू महाग, म्हणून दर वेळी मुंडकं तेवढं बदललं. कोट राजाचा, आतला माणूस आमचाच."

क्रेनवाल्याने पुतळ्याच्या मानेवरचा सांधा निरखला.

"घरात बाबांचा एक फोटो नाही रे. तीस वर्षं इथेच येऊन बघते त्यांना."

त्याने मान खाजवली. मग पाना काढला आणि शिडी लावली. कॉलरच्या आत चार बोल्ट होते. मुंडकं अलगद निघालं. आत नुसती पोकळी. ट्रकात पडलं तेव्हा रिकाम्या हंड्यासारखं वाजलं.

मुकादम धापा टाकत आला. "अरे शहाण्या, बाकीचा कोण उचलणार? तुझा काका?"

क्रेनवाल्याने खिशातला हुकूम काढून त्याच्या नाकासमोर धरला.

"यात लिहिलंय, अध्यक्षांना उतरवा. उतरवलं. हमालाचं नाव कुठे आहे, दाखवा. आणि सरका बाजूला, मला निघायचंय आता."