मिशीचा मालक

निमगावात थेटर चालवणारे दत्तोबातात्या गावातल्या करुणाची हातानं चित्रं काढून केलेली कार्टून फिल्म पाहून भडकले. ऊस खाणाऱ्या गाढवामागं धावणारा, तात्यांसारख्याच पीळदार मिशीचा जाडजूड बागायतदार विहिरीवरही हवेत चालत राहायचा, खाली पाहिल्यावरच धपकन पडायचा. “ह्यो तर मीच! मिशी उडव, न्हायतर माझ्या थेटरात लागायचं न्हाय.” “तात्या, हजारो चित्रं हायत.” “मग हजारो मिशा खरवड!” करुणानं ब्लेड उचललं. पावसाळाभर तिनं एकेक चित्र दुरुस्त करून पुन्हा कॅमेऱ्याखाली धरलं. केबल आल्यापासून ओस पडलेलं थेटर बाजाराच्या दिवशी खच्चून भरलं. पडद्यावर बिनमिशीचा बागायतदार विहिरीत पडला. तात्या ऐटीत हसले. मग गाढव ऊस चघळत विहिरीत डोकावलं. त्याच्या नाकाखाली तीच पीळदार मिशी! थेटरात हशा उसळला. “ही मिशी कुणाची?” तात्या गरजले. करुणा म्हणाली, “गाढवाची, तात्या. तुमची तर मी कवाच उतरवली.”