बारा यायला हवा

"मॅग्नेशियमचा सममूल्य भार चौदा?" बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकाने पेनचं टोपण काढलं. "बारा यायला हवा. नापास."

बाकीची बॅच केव्हाच गेली होती. चौथ्या टेबलाजवळ उरलेली मुलगी ॲप्रनचं टोक पिळत उभी राहिली. तिचा हा दुसरा प्रयत्न होता. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं.

"सर, तिचं गणित बरोबर आहे," कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. "ती रबरी नळी जुनी आहे. हायड्रोजन कुठेतरी निसटत असणार. गॅस कमी भरला की उत्तर जास्तच येणार."

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला.

मॅडमांची कानशिलं तापली. ही म्हण त्यांनी याच तोंडून संसारभर ऐकली होती. घटस्फोटानंतर आज पहिल्यांदाच दोघं एका छताखाली आले होते, तेही परीक्षा विभागाने नेमलं म्हणून.

"बाळ, तू जरा बाहेर बस," त्या मुलीला म्हणाल्या. दार लागलं आणि 'सर' तिथेच गळून पडलं.

"तू स्वतः करून बघ."

"परीक्षक मी आहे."

"म्हणूनच म्हणतेय. का, भीती वाटते?"

घाव वर्मी बसला. त्याने बाह्या सरसावल्या. मॅग्नेशियमची फीत तोलली, चंबूत टाकली, ॲसिड ओतून बूच घट्ट दाबलं. पाण्याने भरलेल्या उलट्या नळीत बुडबुडे चढू लागले.

मॅडम हाताची घडी घालून बघत राहिल्या. या माणसाचं कधी काही चुकतच नसे. रस्ता चुकला तर पाटी खोटी. भाजी करपली तर शेगडी वाईट. त्यांच्या वडिलांच्या छातीत कळ आली, तेव्हा त्या 'हॉस्पिटलमध्ये नेऊ या' म्हणून गयावया करत होत्या आणि हा म्हणत होता, 'पित्त आहे, सकाळपर्यंत उतरेल.' वडिलांनी सकाळ पाहिली नाही. त्यावरही हा एवढंच म्हणाला होता, "कुणालाही पित्तच वाटलं असतं." त्या वाक्यावर संसार मोडला.

बुडबुडे थांबले. त्याने आकडा वाचला, आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. चौदा. चौदाच्याही जरा वर.

मग त्याने रबरी नळी सोडवली, पाण्यात बुडवली आणि एका टोकातून फुंकर मारली. सांध्यापाशी बारीक चीर होती. तिथून बुडबुड्यांची माळ निघाली.

आता हा शिपायावर ढकलेल, कॉलेजवर ढकलेल, माझ्यावर ढकलेल. मॅडमांच्या जिभेवर प्रत्येकाचं उत्तर तयार होतं.

त्याने मुलीच्या नावापुढचा शेरा खोडला, पास लिहिलं, सही केली. मान वर न करता म्हणाला, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

हे ऐकायला मिळालं तर जीव थंड होईल, असं मॅडमांना वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. उलट अंगाची लाही लाही झाली. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

म्हणजे हे वाक्य या माणसाला बोलता येत होतं.